एक इंच टाका, अर्धा जमा

आमच्या घराण्यात उंचीचा दुष्काळ पिढीजात आहे. मी बँकेच्या काउंटरमागे उभा राहिलो की समोरच्या खातेदाराला माझा फक्त चष्मा आणि टक्कल दिसतं. त्यामुळे उंच दिसण्याची हौस काय चीज असते, हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या लग्नातल्या फोटोत आमची ही आणि मी एकाच उंचीचे दिसतो, त्याचं श्रेय फोटोग्राफरने ऐनवेळी माझ्या पायाखाली सरकवलेल्या विटेला आहे. हे आधीच कबूल करून टाकतो. कारण पुढे मी उंचीविरुद्ध जे काही बोलणार आहे ते वाचून, ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ असं कुणी म्हणू नये. विटेवरचं सुख मी भोगलेलं आहे. फरक एवढाच, की फोटो निघाल्याबरोबर मी खाली उतरलो. आमचा पुतण्या मात्र त्या विटेवर उभा राहून धान वाहायला निघाला होता.

पुतण्या राहतो लाखांदूर तालुक्यात आणि पोट भरतो पिकअपवर. आमच्या भंडारा जिल्ह्यात पिकअप ही गाडी नसून घरातला कर्ता मुलगा असतो. पावसाळ्यात खत, दिवाळीनंतर धान, मंडईच्या दिवसांत नाटकाचे पडदे, उन्हाळ्यात लग्नाचा मंडप, आणि मधल्या दिवसांत वांगी-टमाटे, सगळं तिच्याच पाठीवर. ही गाडी कर्जावर घेतलेली आहे, आणि त्या कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून जी सही आहे ती अस्मादिकांची. जामीनदार म्हणजे ज्याला गाडीत बसायला मिळत नाही पण गाडी बसली की ज्याला उठावं लागतं, तो इसम.

एका संध्याकाळी पुतण्या आला, पाया पडला (तेव्हाच मी सावध झालो), आणि त्याने मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. पडद्यावर एक पिकअप होती. टायर एवढे मोठे, की गाडीला टायर बसवलेत की टायरांना गाडी टांगली आहे, कळेना.

“काकाजी, आपली गाडी अशी करतो म्हन्तो मी.”

“अशी म्हणजे? चिखलाने बरबटलेली?”

“तसं नाही जी! उंच! मागं कमानीखाली तीन-तीन इंचाचे ठोकळे, समोरबी तेवढंच उचलाचं, अना एकतीस इंची टायर. साडेदहा इंच रुंद! रिम बाहेर निंघलेली. चिखलात फसनार नाही, बांधाले घासनार नाही, पुरात थांबनार नाही.”

कारणं तीन सांगितली. चौथं न सांगितलेलं कारण असं, की त्याच्या मित्राने नुकतीच आपली पिकअप तशी करून आणली होती. माणूस तीन कारणं सांगतो तेव्हा खरं कारण चौथं असतं, हे बावीस वर्षं कर्जाचे अर्ज वाचून मला कळलेलं आहे.

मी म्हणालो, “आधी तुझ्या टायरवर काय लिहिलंय ते सांग.”

“कंपनीचं नाव.”

“आणि?”

आणि काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला दोष देत नाही. टायर हे पासबुकासारखं असतं. सगळं त्याच्यावर छापलेलं असतं, फक्त मालक वाचत नाही. आम्ही दोघं टॉर्च घेऊन अंगणात गेलो. टायरवर लिहिलं होतं: २१५/७५ आर १५.

आता या एका ओळीत जगातल्या तीन भाऊबंदांनी वाटणी करून घेतलेली आहे. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये: टायरची रुंदी. दुसरा आकडा टक्क्यांत: त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे. तिसरा आकडा इंचांत: आतल्या रिमचा व्यास. मधला ‘आर’ म्हणजे रेडियल. एकाच टायरवर फ्रेंचांचं माप, इंग्रजांचं माप आणि सावकाराचा टक्का! ज्याने हे ठरवलं तो नक्की कुठल्या तरी बँकेतून निवृत्त झालेला असणार.

मी पाकिटाच्या पाठीमागे हिशेब मांडला. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१.२५. भिंत वर एक, खाली एक, म्हणून दुप्पट, ३२२.५. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण चाकाची उंची ७०३.५. पुतण्याला हवा असलेला एकतीस इंची टायर म्हणजे ७८७.४. फरक जवळजवळ ८४ मिलिमीटर.

“पाहा ना जी, चौऱ्याऐंशी!” पुतण्या खूष.

“थांब. आस चाकाच्या मध्यभागी असतो की वरच्या टोकाला?”

“मधात.”

“मग चौऱ्याऐंशीतले तुझ्या आसाला मिळणार किती?”

पुतण्या गप्प. बेचाळीस. म्हणजे दीड इंचाहून थोडं जास्त. पैसे भरायचे पूर्ण चौऱ्याऐंशीचे, आणि खात्यावर जमा व्हायचे निम्मे! आमच्या बँकेने असा व्यवहार केला तर लोक काउंटरची काच फोडतील. टायरच्या दुकानात मात्र लोक पेढे घेऊन जातात.

“पन ते तीन इंचाचे ठोकळे तं आहेत ना!” तो म्हणाला.

इथेच खरी गोम आहे, आणि उचललेल्या गाड्यांचे शौकीन ती स्वतःलाही सांगत नाहीत. ठोकळा बसतो आस आणि कमानीचे पाटे यांच्या मध्ये. त्याने वरचा सांगाडा उंच होतो. पण मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा लोंबतो, ज्याला शिकलेले डिफरन्शियल म्हणतात, तो होता तिथेच राहतो. आणि बांधाला, दगडाला, गाडीवाटेच्या मधल्या उंचवट्याला आधी घासतो तो हाच गोळा. म्हणजे ठोकळा लावून गाडीने लुगडं वर धरलं, पण पाय होते त्याच पाण्यात! या सगळ्या सौद्यात गोळ्याला उचलणारी वस्तू एकच: चाक. आणि चाक देतं निम्मं.

मग ठोकळे लावतात तरी कशाला? तर मोठा टायर वळताना मडगार्डला घासतो म्हणून. म्हणजे टायर मोठे म्हणून गाडी उचलायची, आणि गाडी उचलली म्हणून टायर मोठे घ्यायचे. जुन्या कर्जाचा हप्ता भरायला नवं कर्ज घेणारे खातेदार मी रोज बघतो. पण ते निदान उदास चेहऱ्याने येतात.

एवढ्यावर मी जिंकलो असं मला वाटलं, आणि माणसाला जिंकल्यासारखं वाटलं की तो एक वाक्य जास्त बोलतो. मी म्हणालो, “आपले पूर्वज काय मूर्ख होते? शंभर वर्षं धानाच्या चिखलातून बैलगाड्या नेल्या, कधी रुंद चाक लावलं नाही!”

पुतण्याने डोकं खाजवलं. “पन काकाजी, खासराचं चाक तं छातीवरी उंच रायते ना जी?”

आता आली का पंचाईत! खरंच, बैलगाडीचं चाक उंचच असतं. आरे लांब, धाव लोखंडी. मी चष्मा पुसला. चष्मा पुसणं ही कारकुनाची विचार करण्याची पद्धत आहे. पण पुसता पुसता उत्तर सापडलं, आणि ते खरं असल्यामुळे जास्त आनंद झाला. बैलगाडीचं चाक उंच असतं, पण चार बोटं रुंद असतं! आपल्या बांधीत वर गुडघाभर लोणी आणि खाली कडक थर. अरुंद चाक वरचं लोणी कापून खालचा थर गाठतं. रुंद टायर त्या लोण्यावर तरंगायला बघतो, आणि भरलेली पिकअप काही होडी नव्हे. ती ना तरंगते ना तळ गाठते, मधल्यामध्ये गरगर फिरते. वाळूत रुंदीचा उपयोग होतो, वैनगंगेच्या रेतीत होईल. पण पुतण्या रेती वाहत नाही, आणि वाहायची ठरवली तर जामीनदाराला निराळा वकील लागेल.

शिवाय बैल हा असा प्राणी आहे की चाकाची उंची वाढवली तरी त्याचा गिअर बदलत नाही. पिकअपचा बदलतो. चाक सुमारे बारा टक्के मोठं झालं, की त्याच इंजिनाची रस्त्यावरची ओढ साडेदहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. चिखलासाठी टायर घेतला आणि चिखलात लागणारी ताकदच घालवली! तेवढाच भार ब्रेकवर वाढला, क्लचवर वाढला. काट्यावर साठ दिसताना गाडी खरी सदुसष्टने पळणार. किलोमीटरचा आकडाही तसाच खोटा: खरे ११२ गेले तर तो म्हणणार १००.

हे ऐकून पुतण्याचा चेहरा उजळला. “म्हंजे गाडी इकाच्या टायमाले किलोमीटर कमी दिसन ना जी!”

बी.कॉम.ला आम्हाला याचं नाव शिकवलं होतं: विंडो ड्रेसिंग. ताळेबंद आहे त्यापेक्षा साजरा दाखवणे. मी त्याला सांगितलं, की बाबा, आकडा कमी दिसला तरी इंजिन खरेच किलोमीटर मोजतं. दहा हजारांवर बदलायचं तेल तू अकरा हजारांच्या पुढे बदलशील, आणि त्याचं व्याज इंजिन तुझ्याकडून वसूल करील.

मग स्टेपनीचा प्रश्न काढला. ज्या बंधूंनी १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावी जादा चाकाचा धंदा काढला, त्यांनी आपल्या गल्लीचं नाव त्या चाकाला दिलं: स्टेपनी स्ट्रीट. गल्ली तिकडे राहिली, नाव लाखांदूरपर्यंत आलं. पण मोठे टायर घेणारा मनुष्य चार घेतो; पाचव्याच्या वेळी त्याचा खिसा त्याला शहाणपण शिकवतो. म्हणजे रात्री पंक्चर झालं की मागच्या आसावर एका बाजूला ३१ इंच आणि दुसऱ्या बाजूला पावणेअठ्ठावीस! एक पाय खडावेत आणि एक अनवाणी अशी गाडी चालणार, आणि मधला तो बिचारा गोळा दोन्ही चाकांचा हिशेब जुळवता जुळवता तापून मरणार. मोठ्या टायरचं एवढं कौतुक सांगणाऱ्या प्रत्येकाला माझा एकच प्रश्न आहे: स्टेपनी दाखव.

“अमेरिकेत चालते जी,” पुतण्याने शेवटचा हत्ती बाहेर काढला.

चालते. तिकडे ‘बिगफूट’ नावाची पिकअप प्रसिद्ध आहे: १९७४ सालची फोर्ड, पुढे ६६ इंची टायर, आणि १९८१ पासून तिचं काम म्हणजे इतर मोटारींवर चढून त्या चिरडणे. ते टायरही मुळात शेतात खत पसरणाऱ्या यंत्रांसाठी केलेले. म्हणजे शेतीचा टायर तमाशात गेला. आपण उलटं करू नये. आपल्याला मोटारी चिरडायच्या नाहीत, टमाटे न चिरडता पोचवायचे आहेत.

राहिला पूर. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा भंडाऱ्यात घरांत शिरली, तेव्हा तिने कुणाच्या टायरचा साइज विचारला नव्हता. शिवाय मोठ्या टायरात हवा जास्त, म्हणजे पाण्यात तो टायर स्वतःच तरंगायला बघणार. पूल पाण्याखाली असताना गाडी घालायची नसते, हे कळायला टायर लागत नाही, आई लागते. ती त्याला आहे.

कायद्याचं मी शेवटी काढलं, कारण कायदा आधी काढला की तरुण माणूस ऐकायचं थांबतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की नोंदणीत कंपनीने जे मूळ वर्णन दिलं आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, केरळातून आलेल्या प्रकरणात, तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी सोय केली. ‘दर बदलामागे’ हे शब्द मी दोनदा वाचून दाखवले. ठोकळे एक, टायर दोन. आणि उद्या गाडी कलंडली तर विम्याचा माणूस फोटो काढायला येतो तो टायरसकट काढतो. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो; वर मंडपाचे बांबू; लाखांदूरच्या रस्त्यावरचं वळण; आणि खाली माझी सही.

एवढं सगळं ऐकून पुतण्या काय म्हणाला असेल? म्हणाला, “तुमचं बरोबर आहे काकाजी. पन दिसते लय मस्त.”

यावर जगातल्या कुठल्याही वाणिज्य पदवीधराकडे उत्तर नाही. ‘दिसते मस्त’ हे खातं कुठल्याही ताळेबंदात बसत नाही आणि सगळा ताळेबंद त्यानेच बुडतो.

तेव्हा त्याने मला मित्राची गाडी दाखवायला नेलं. ती एका राइस मिलवर माल भरत उभी होती. दिसत होती मस्तच, खोटं कशाला बोलू? मित्र वर चढून उभा होता, हात कमरेवर, जणू किल्ला जिंकलाय. खाली पन्नाशीचे एक हमाल डोक्याला दुपट्टा बांधून धानाचे कट्टे वाहत होते. कट्टा चाळीस किलोचा. एका खेपेला चाळीस कट्टे. आमचा पुतण्या टायरभोवती प्रदक्षिणा घालत होता; मी, सवयीने, मोजत होतो.

मोजता मोजता दिसलं, की हमालभाऊ दर कट्ट्याला फळीपाशी येऊन थबकतात, टाचा उचलतात, आणि पाठीने एक उसळी देतात. मी विचारलं, “भाऊ, असं का करता जी?”

ते म्हणाले, “आंगोदरच्या फळीले पाठ टेकवली का कट्टा आपोआप सरके जी. आता फळी च्यार-साडेच्यार बोटं वरतं गेली. दर कट्ट्याले उसळी द्या लागते.”

“मग जास्त पैसे मागा!”

ते हसले. “कट्ट्याचा भाव कट्ट्यावर आहे बाबूजी, गाडीवर नाही. उंची त्याहिची, कंबर आमची.”

आणि पुढचा कट्टा आणायला गेले.

मी रात्रभर आकडे मांडले होते. अर्धा इंच, बारा टक्के, कलम बावन्न. त्या माणसाने सगळा हिशेब चार शब्दांत मिटवला. माझं गणित फक्त एवढंच सांगत होतं, की उंचीत मालकाचा फायदा निम्मा होतो. उरलेलं निम्मं कुठे जातं, ते त्याने सांगितलं. उंचीचा खर्च वर उभा असलेला देत नाही. तो खाली उभा असलेला देतो. दिवा वर गेला की उजेड समोरून सायकलवर येणाऱ्या शाळेच्या पोरीच्या डोळ्यांत जातो. रिम बाहेर निघाली की चिखल वाटसरूच्या धोतरावर उडतो. थांबायला जास्त अंतर लागलं की ते अंतर दुसऱ्या कुणाच्या तरी शेळीचं असतं. फळी वर गेली की दर खेपेला चाळीस उसळ्या एका पन्नाशीच्या कमरेला द्याव्या लागतात. या सगळ्यांनी जामीनदार म्हणून सही केली नव्हती. माझी निदान कागदावर तरी आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे, आणि ते टायरच्या दुकानासमोर उभं राहूनही म्हणायची माझी तयारी आहे. टायर डोळ्याने निवडायचा नसतो, कामाने निवडायचा असतो. गाडीवर काय भरणार, कोण भरणार, कुठल्या वाटेने नेणार, हे आधी विचारावं. मग कंपनीने जो साइज दिलाय तोच घ्यावा. फार तर नक्षी बदलावी. चिखलासाठी मागे खोल खाचांचा टायर मिळतो, त्याच मापात. त्यावर वजनाचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. १०० लिहिलं असेल तर एका टायरवर ८०० किलो, शंभर नव्हे. मऊ जागी थोडी हवा कमी करावी, पक्क्या रस्त्याला लागलं की पुन्हा भरावी. आणि चिखलणी झालेल्या बांधीत पिकअप घालूच नये. तिथे केजव्हीलवाला ट्रॅक्टर शोभतो किंवा बैल. पिकअपने सडकेवर उभं राहून वाट पाहावी. वाट पाहण्यात कमीपणा नाही; मी प्रमोशनची पाहतोच आहे.

परतताना पुतण्या काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी त्याने मागच्या चाकांना खोल खाचांचे दोन टायर घातले. २१५/७५ आर १५. स्टेपनीही त्याच मापाची घेतली, आणि ती मला मुद्दाम उघडून दाखवली. मात्र हौस पुरती मेली नव्हती: गाडीच्या मागे दोन फुटी अक्षरांत ‘वाघ’ लिहून घेतलं. त्याला माझी हरकत नाही. अक्षर उंच केल्याने कुणाची कंबर दुखत नाही.

परवा घरच्या एका कार्यात सगळ्यांचा फोटो निघाला. फोटोग्राफरने जुन्या ओळखीने माझ्या पायाखाली वीट सरकवली. पुतण्या कानाशी येऊन म्हणाला, “काकाजी, हिच्यातबी अर्धाच जमा होते काय?”

मी सांगितलं, “नाही बाबा. विटेत पूर्ण जमा होतं, म्हणून तर पांडुरंग तिच्यावर उभा आहे. आणि भार सगळा विटेवरच असतो, दुसऱ्या कुणाच्या कमरेवर नाही.”

फोटो निघेपर्यंत मी ताठ उभा राहिलो. निघाल्यावर उतरलो, वीट उचलली, आणि जिथली तिथे स्वतः नेऊन ठेवली.